सर्व्हर-साइड स्क्रिप्टिंग शिकताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एचटीएमएल आणि सीएसएस जमलं, थोडंफार जावास्क्रिप्टही येतं. आता फॉर्म भरता यावा, लॉगिन व्हावं, लोकांनी लिहिलेलं साठून राहावं असं वाटतंय. या टप्प्यावर जे प्रश्न हमखास पडतात ते इथे घेतले आहेत. उदाहरणं मुख्यतः पीएचपीची आहेत, पण बहुतेक उत्तरं कुठल्याही भाषेला लागू पडतात. फंक्शनची आणि सेटिंगची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. कोडमध्ये ती रोमन लिपीत, अंडरस्कोरसकट लिहायची.

### सर्व्हरवर स्क्रिप्ट चालते म्हणजे नेमकं काय होतं?

ब्राउझरमध्ये पत्ता टाकला की ब्राउझर सर्व्हरला मजकुराचा एक तुकडा पाठवतो. त्याला रिक्वेस्ट म्हणतात. कोणतं पान हवं, गेट (पान मागणं) की पोस्ट (माहिती पाठवणं), सोबत कोणत्या कुकी (सर्व्हरने ब्राउझरकडे ठेवलेल्या छोट्या नोंदी) आहेत, फॉर्ममध्ये काय भरलं आहे, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. सर्व्हर उत्तरादाखल मजकूरच पाठवतो: आधी स्टेटस कोड (काम झालं की नाही ते सांगणारा आकडा), मग काही हेडर (उत्तराबद्दलच्या सूचना), मग एक रिकामी ओळ आणि त्यानंतर एचटीएमएल. साध्या पानाचं एचटीएमएल डिस्कवर आधीच लिहून ठेवलेलं असतं. स्क्रिप्ट असेल तर ते त्या क्षणी तयार होतं. १९९३ मध्ये सीजीआय नावाची पद्धत आली तीही एवढंच करत होती: वेब सर्व्हरने बाहेरचा प्रोग्राम चालवायचा आणि त्या प्रोग्रामने जे छापलं ते ब्राउझरच्या हवाली करायचं. आजची साधनं वेगवान आणि सोयीची झाली आहेत, पण व्यवहार तोच आहे.

यातून दोन गोष्टी निघतात. ब्राउझरला तुमचा पीएचपी कोड कधीच दिसत नाही, त्याला फक्त तयार झालेलं एचटीएमएल मिळतं. आणि उत्तर पाठवलं की सर्व्हर तुम्हाला विसरतो. पुढची रिक्वेस्ट त्याच्या दृष्टीने अनोळखी माणसाकडून आलेली असते. खालचे निम्मे प्रश्न या दोन गोष्टी डोक्यात पक्क्या बसल्या की आपोआप सुटतात.

### मग ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टने हे का होत नाही?

ते वाचकाच्या यंत्रावर चालतं आणि वाचक ते बदलू शकतो. डेटाबेसचा पासवर्ड तिथे ठेवला तर तो सगळ्यांना दिसेल. मेनू उघडणं, फॉर्म भरताना लगेच सूचना देणं ही त्याची कामं. कोणाला काय पाहू द्यायचं आणि काय साठवायचं, हे सर्व्हरवरच ठरलं पाहिजे.

### पहिली भाषा कोणती घ्यावी?

पीएचपी, पायथन आणि नोडवर (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं साधन) चालणारं जावास्क्रिप्ट, यांपैकी काहीही चालेल. आमचं मत विचाराल तर पहिल्या दोन-तीन महिन्यांसाठी पीएचपी. रासमुस लेरडॉर्फ यांनी १९९५ मध्ये ते लोकांसाठी खुलं केलं तेव्हापासून ते वेब पानांसाठीच घडत गेलं आहे. एक फाइल म्हणजे एक पान, रिक्वेस्ट आली की फाइल सुरुवातीपासून चालते, उत्तर गेलं की संपते. वर सांगितलेला व्यवहार त्यात उघडा डोळ्यांसमोर दिसतो. साध्या होस्टिंगवरही ते चालतं.

नोड २००९ मध्ये आलं. जावास्क्रिप्ट आधीच येत असेल तर तेही सोयीचं, फक्त त्याची चाल वेगळी आहे. त्याबद्दल खाली स्वतंत्र प्रश्न आहे. पायथन येत असेल तर फ्लास्क या छोट्या फ्रेमवर्कने (वेबसाइटसाठीच्या तयार सांगाड्याने) सुरुवात करा. जँगो हे मोठं फ्रेमवर्क पहिल्याच दिवशी इतक्या गोष्टी तयार देतं की आत काय चाललंय ते कळेनासं होतं.

जुने धडे मात्र टाळा. ज्या धड्यात 'मायएसक्यूएल_क्वेरी' हे फंक्शन दिसेल तो तिथेच बंद करा. ते पीएचपी ७ मध्ये, म्हणजे २०१५ साली, काढून टाकलं गेलं. 'मायएसक्यूएलआय' किंवा 'पीडीओ' (पीएचपीमधून डेटाबेसशी बोलायची साधनं) वापरणारा धडा हवा.

### संगणकावर काय बसवायचं?

तीन गोष्टी पुरतात: पीएचपी, एक चांगला कोड एडिटर आणि डेटाबेस. डेटाबेससाठी सुरुवातीला एसक्यूलाइट घ्या. तो एका फाइलमध्ये मावतो आणि त्याला वेगळा सर्व्हर चालू ठेवावा लागत नाही.

पीएचपीमध्ये ५.४ आवृत्तीपासून शिकण्यापुरता वेब सर्व्हर आतच आहे. प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये टर्मिनल उघडा, 'पीएचपी' लिहा, मग वजा चिन्ह आणि लगेच कॅपिटल 'एस', मग जागा सोडून 'लोकलहोस्ट:८०००' (आकडे इंग्रजी). तोच पत्ता ब्राउझरमध्ये टाका. खिडकी बंद केली की सर्व्हरही बंद होतो. हा सर्व्हर फक्त स्वतःच्या संगणकासाठी आहे, लोकांसमोर ठेवण्यासाठी नाही.

सगळं एकत्र हवं असेल तर झॅम्प घ्या. त्यात अपाची (वेब सर्व्हर), मारियाडीबी (डेटाबेस) आणि पीएचपी असतात. फाइली 'एचटीडॉक्स' फोल्डरमध्ये ठेवायच्या. अपाची सुरूच होत नसेल तर बहुधा ८० क्रमांकाचा पोर्ट दुसऱ्या कुठल्या प्रोग्रामने अडवलेला असतो. अपाचीच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये 'लिसन'पुढचा ८० बदलून ८०८० करा आणि पत्त्यातही ८०८० लिहा.

### पान उघडलं की कोड जसाच्या तसा दिसतो किंवा फाइल डाउनलोड होते. का?

पत्त्याच्या पट्टीत पाहा. सुरुवातीला 'फाइल' दिसत असेल तर तुम्ही फाइलवर डबल क्लिक केलं आहे. सर्व्हर मध्ये आलाच नाही, म्हणून पीएचपी चालायचा प्रश्नच नाही. पत्ता 'लोकलहोस्ट'ने सुरू व्हायला हवा. तसा असूनही कोड दिसत असेल तर फाइलचं एक्स्टेन्शन तपासा. नोटपॅडने नावाच्या शेवटी गुपचूप 'टीएक्सटी' जोडलेलं असतं, आणि एक्स्टेन्शन लपवण्याचं सेटिंग चालू असल्यामुळे ते दिसत नाही.

### पहिला प्रकल्प काय करू?

अभिप्राय वही. नाव आणि मजकूर अशा दोन रकान्यांचा फॉर्म आणि खाली आलेल्या अभिप्रायांची यादी. दिसायला किरकोळ, पण लॉगिन वगळता जवळपास सगळं यात येतं. टप्पे असे घ्या:

१. फॉर्मचं पान लिहा. मेथड पोस्ट ठेवा.
२. घेणाऱ्या फाइलमध्ये 'व्हार_डंप' फंक्शनने पोस्टमधून आलेलं सगळं नुसतं छापून पाहा. डेटाबेसचं नावही काढू नका.
३. रिकामं नाव, हजार अक्षरांचं नाव, नुसत्या स्पेस भरलेलं नाव, अशा तिन्हींना नकार देता येतो का पाहा.
४. आता टेबल तयार करा: क्रमांक, नाव, मजकूर, वेळ.
५. नोंद साठवा आणि यादीच्या पानाकडे परत पाठवा.
६. यादी छापा.

दुसऱ्या टप्प्यावर थांबायचा कंटाळा करू नका. आधी काय आलं ते डोळ्यांनी पाहायची सवय लागली की पुढे तासन् तास वाचतात.

### फॉर्म पाठवला, पण सर्व्हरवर काहीच पोचत नाही.

या क्रमाने तपासा.

इनपुटला 'नेम' आहे का? 'आयडी' दिला आणि 'नेम' विसरला, ही सर्वांत जास्त होणारी चूक. ब्राउझर 'नेम' नसलेला रकाना पाठवतच नाही. मेथड गेट ठेवून पोस्टमध्ये शोधताय का? चेकबॉक्सला खूण केलेली नसेल तर त्याची किल्ली येतच नाही, 'नाही' असं उत्तर येत नाही. म्हणून आधी 'इससेट'ने विचारायचं.

फाइल अपलोड असेल तर फॉर्म टॅगमध्ये 'एन्कटाइप'ला 'मल्टिपार्ट/फॉर्म-डेटा' हवं, नाहीतर फाइलचं फक्त नाव येतं. आणि मर्यादा पाहा: पीएचपीमध्ये एका फाइलची मूळ मर्यादा २ एमबी आणि संपूर्ण पोस्टची ८ एमबी असते. दुसरी मर्यादा ओलांडली तर पोस्ट आणि फाइल्स दोन्ही पूर्ण रिकाम्या येतात. लहान फोटो चढतो आणि मोठा फोटो चढवला की नावसुद्धा गायब होतं, त्याचं कारण हे.

ब्राउझरमध्ये एफ१२ दाबून नेटवर्कचा भाग उघडा आणि फॉर्म पाठवा. रिक्वेस्टमध्ये खरोखर काय गेलं ते तिथे दिसतं. गेलंच नसेल तर दोष एचटीएमएलमध्ये आहे, गेलं असेल तर पीएचपीमध्ये. अर्ध्या मिनिटात शोध निम्म्यावर येतो.

### पान रिफ्रेश केलं की तीच नोंद दोनदा पडते.

पोस्टच्या उत्तरात तुम्ही थेट पान छापलं आहे. रिफ्रेश म्हणजे शेवटची रिक्वेस्ट पुन्हा पाठवणं, आणि शेवटची रिक्वेस्ट पोस्ट होती. उपाय: नोंद साठवल्यावर पान छापू नका, 'लोकेशन' हेडर पाठवून ३०३ या कोडने यादीच्या पानाकडे वळवा. ब्राउझर ते पान गेटने मागतो, मग कितीही रिफ्रेश करा.

'लोकेशन' हेडरच्या लगेच खाली 'एक्झिट' लिहायचं. हेडर पाठवल्याने स्क्रिप्ट थांबत नाही, खालच्या ओळी चालतच राहतात. 'लॉगिन नसेल तर लॉगिनच्या पानाकडे वळव' असं लिहून 'एक्झिट' विसरलं तर ब्राउझर वळतो, पण खाली नोंद डिलीट करायची ओळ असेल तर ती मात्र चालून गेलेली असते.

### फॉर्ममध्ये जावास्क्रिप्टने तपासणी केली आहे. सर्व्हरवर पुन्हा कशाला?

कारण रिक्वेस्ट तुमच्या फॉर्ममधूनच येईल याची काहीच हमी नाही. 'कर्ल'सारख्या साधनाने कोणीही हवी ती रिक्वेस्ट हाताने लिहून पाठवू शकतो. ड्रॉपडाउनमध्ये तीनच पर्याय असले तरी चौथा येऊ शकतो. 'हिडन' रकान्यात ठेवलेली किंमत बदलून येऊ शकते, म्हणून किंमत नेहमी डेटाबेसमधून घ्यायची, फॉर्ममधून नाही. ब्राउझरकडून आलेली प्रत्येक गोष्ट म्हणजे कोणीतरी केलेला दावा आहे. खरं-खोटं सर्व्हरने पाहायचं.

### एसक्यूएल इंजेक्शन साध्या भाषेत समजावाल का?

समजा तुम्ही क्वेरीचा (डेटाबेसला एसक्यूएल भाषेत विचारलेल्या प्रश्नाचा) मजकूर आणि आलेलं नाव जोडून एक वाक्य बनवता: 'ज्या सदस्याचं नाव' मग एकेरी अवतरण, मग आलेलं नाव, मग पुन्हा एकेरी अवतरण. ओ'ब्रायन नावाचा भला माणूस आला की नावातल्या अपॉस्ट्रॉफीने अवतरण मध्येच बंद होतं, 'ब्रायन' हा क्वेरीचा भाग ठरतो आणि एरर येते. इथवर फक्त गैरसोय आहे. पण कोणी मुद्दाम अपॉस्ट्रॉफी टाकून त्यापुढे 'किंवा एक बरोबर एक' अशी एसक्यूएलमधली अट लिहिली, तर ती अट प्रत्येक ओळीला खरी ठरते आणि सगळे सदस्य हाती येतात. डेटाबेसला तुमचा कोड कुठे संपला आणि पाहुण्याचा मजकूर कुठे सुरू झाला हे कळत नाही, दोष तिथे आहे.

म्हणून दोन्ही वेगवेगळे द्यायचे. पीडीओमध्ये 'प्रिपेअर'ला क्वेरी द्या, मूल्यांच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवा, आणि मूल्यं 'एक्झिक्यूट'ला यादी म्हणून द्या. प्रश्नचिन्हाभोवती अवतरण लावायचं नाही. लावलंत तर डेटाबेस खरोखरच प्रश्नचिन्ह शोधत बसतो. टेबलचं किंवा कॉलमचं नाव असं बांधता येत नाही. 'कोणत्या कॉलमने लावायचं' हे वाचकाने निवडायचं असेल तर कोडमध्ये परवानगीच्या नावांची यादी ठेवा आणि आलेलं नाव त्यात आहे का ते पाहा.

### आणि अभिप्रायात कोणी स्क्रिप्ट टॅग लिहिला तर?

तुम्ही तो तसाच छापला तर तो प्रत्येक वाचकाच्या ब्राउझरमध्ये चालेल आणि त्यांच्या नावाने काहीही करू शकेल. छापताना प्रत्येक मूल्य 'एचटीएमएलस्पेशलचार्स'मधून काढा. साठवताना नाही, छापताना. साठवतानाच बदललं तर पुढे तोच मजकूर ईमेलमध्ये किंवा शोधात वापरताना विचित्र चिन्हं दिसू लागतात.

### मराठी मजकूर साठवला की प्रश्नचिन्हं किंवा अगम्य अक्षरं दिसतात. काय चुकतंय?

हा प्रश्न इंग्रजी धड्यांमध्ये दोन ओळींत उरकतात, पण आपल्याला तो रोज भेटतो, म्हणून जरा सविस्तर.

यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये (अक्षरं बाइटांत साठवायच्या पद्धतीत) इंग्रजी अक्षराला १ बाइट लागतो आणि देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला ३. 'मराठी' हा शब्द घ्या. डोळ्यांना तीन अक्षरं दिसतात. यूनिकोडच्या हिशेबाने ती पाच चिन्हं आहेत: म, र, काना, ठ, दीर्घ वेलांटी. बाइट झाले १५. आता 'स्ट्रलेन'ला लांबी विचारली तर ते १५ सांगतं, 'एमबी_स्ट्रलेन' ५ सांगतं. पहिली १० अक्षरं दाखवायची म्हणून 'सबस्ट्र' वापरलं तर ते १० बाइट कापतं: तीन चिन्हं पूर्ण आणि चौथ्याचा पहिला बाइट. तो अर्धवट बाइट म्हणजे पानावर दिसणारा काळा चौकोनी प्रश्नचिन्हवाला ठिपका. त्याहून त्रासदायक म्हणजे 'जेसन_एन्कोड' असा तुटका मजकूर मिळाला की काही न बोलता 'फॉल्स' परत करतं आणि पान रिकामं राहतं. 'एमबी_सबस्ट्र' वापरा. त्यानेही वेलांटी अक्षरापासून तुटू शकते. तेही नको असेल तर 'इंटल' एक्स्टेन्शनमधलं 'ग्राफीम_सबस्ट्र' आहे.

साठवणीच्या वाटेवर चार ठिकाणी एकच एन्कोडिंग हवं: फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह केलेली, पानाच्या डोक्यावर मेटा कॅरसेट यूटीएफ-८, डेटाबेसच्या जोडणीत कॅरसेट, आणि टेबल. मायएसक्यूएलमध्ये जोडणी आणि टेबल दोन्हीला 'यूटीएफ८एमबी४' द्या. नुसतं 'यूटीएफ८' लिहिलं तर तिथे ते पूर्वापार ३ बाइटांपुरतंच राहिलं आहे. देवनागरी त्यात मावते, इमोजीला ४ बाइट लागतात आणि नोंद अडते किंवा तिथून पुढे कापली जाते. म्हणूनच 'मराठी व्यवस्थित साठतं, पण कोणी हसरा चेहरा टाकला की अभिप्राय अर्धाच येतो' अशी तक्रार येते.

बिघाड झालाच असेल तर लक्षण नीट पाहा. विचित्र रोमन अक्षरं दिसत असतील तर बाइट बहुधा शाबूत आहेत, वाचणारा चुकतोय. दुरुस्ती शक्य असते. टेबलमध्येच प्रश्नचिन्हांची रांग असेल तर मूळ मजकूर गेला. तो बॅकअपमधूनच मिळेल.

### लॉगिन कसं बांधायचं?

पासवर्ड कधीच जसाच्या तसा साठवायचा नाही, आणि एमडी५ किंवा एसएचए१ हॅश (मजकुरापासून बनवलेली, उलटवता न येणारी खूण) करूनही नाही. ते वेगासाठी बनवले आहेत, त्यामुळे चोरणाऱ्यालाही प्रचंड वेगाने अंदाज करून पाहता येतात. पीएचपीचं 'पासवर्ड_हॅश' वापरा आणि लॉगिनच्या वेळी 'पासवर्ड_व्हेरिफाय'ने ताडून पाहा. एकाच पासवर्डचा हॅश दर वेळी वेगळा येतो, कारण त्यात सॉल्ट (दर वेळी नवा, अंदाज न येणारा मजकूर) मिसळलेलं असतं. त्यामुळे दोन हॅश बरोबरीच्या चिन्हाने तपासून काही उपयोग नाही.

'पासवर्ड बरोबर असूनही लॉगिन होत नाही' यामागे बहुतेक वेळा कॉलमची लांबी असते. 'पासवर्ड_हॅश' वापरतं त्या बीक्रिप्ट पद्धतीचा हॅश ६० चिन्हांचा असतो. कॉलम ५० चा असेल आणि डेटाबेस निमूटपणे कापत असेल तर तो पासवर्ड पुन्हा कधीच जुळणार नाही. कॉलम २५५ चा ठेवा. बीक्रिप्ट पासवर्डचे पहिले ७२ बाइटच विचारात घेतं हेही माहीत असू द्या; देवनागरीत ती २४ चिन्हं झाली.

आता विसरण्याचा प्रश्न. सर्व्हर प्रत्येक रिक्वेस्टनंतर विसरतो, मग लॉगिन टिकतं कसं? 'सेशन_स्टार्ट' केलं की पीएचपी एक लांबलचक, अंदाज न येणारा क्रमांक बनवून कुकीत पाठवतं, आणि त्या क्रमांकाच्या नावाने सर्व्हरवर एक छोटी फाइल ठेवतं. ब्राउझर पुढच्या प्रत्येक रिक्वेस्टबरोबर तो क्रमांक दाखवतो आणि सर्व्हर ती फाइल उघडतो. कपडे धुवायला दिल्यावर मिळणाऱ्या बिल्ल्यासारखं आहे हे: बिल्ल्यावर कपडे नसतात, फक्त नंबर असतो, आणि ज्याच्या हाती बिल्ला त्याला कपडे मिळतात. म्हणून तो जपायचा. कुकीला 'एचटीटीपीओन्ली' (जावास्क्रिप्टला न दिसणारी), 'सिक्युअर' (फक्त एचटीटीपीएसवर जाणारी) आणि 'सेमसाइट' (दुसऱ्या साइटवरून न जाणारी) लावा, आणि लॉगिन होताच 'सेशन_रीजनरेट_आयडी'ने क्रमांक बदला.

थोडा वेळ काही केलं नाही की लॉगिन जातं, ही तक्रार असेल तर 'सेशन.जीसी_मॅक्सलाइफटाइम' पाहा. त्याची मूळ किंमत १४४० सेकंद, म्हणजे २४ मिनिटं आहे.

### 'हेडर्स ऑलरेडी सेंट' ही एरर कशामुळे?

हेडर आधी आणि एचटीएमएल नंतर, हा क्रम ठरलेला आहे. एकही अक्षर बाहेर पडलं की हेडर पाठवायची वेळ गेली. कुकी, सेशन आणि 'लोकेशन' हे तिन्ही हेडरमधूनच जातात. एररमध्ये 'आउटपुट इथे सुरू झालं' म्हणून फाइल आणि ओळ दिलेली असते, ती वाचा. पीएचपीच्या सुरुवातीच्या खुणेआधी एखादी रिकामी ओळ असते, किंवा जोडलेल्या फाइलच्या शेवटी बंद करायच्या खुणेनंतर स्पेस राहिलेली असते. नुसत्या पीएचपीच्या फाइलमध्ये शेवटची खूण लिहूच नका.

पहिल्याच ओळीवर बोट दाखवलं जातंय आणि तिथे काहीच दिसत नाही? मग फाइल 'बीओएम'सकट सेव्ह झाली आहे: सुरुवातीला ३ अदृश्य बाइट. एडिटरमध्ये 'बीओएमशिवाय यूटीएफ-८' निवडून पुन्हा सेव्ह करा.

### पान पांढरंफटक येतं किंवा ५०० (सर्व्हरवर चूक झाल्याचा स्टेटस कोड) दिसतं.

घाबरू नका, सर्व्हरने कारण कुठेतरी लिहून ठेवलेलं असतं. एरर लॉग उघडा आणि शेवटची ओळ वाचा. शिकताना 'डिस्प्ले_एरर्स' चालू ठेवा, पण 'पीएचपी.आयएनआय' फाइलमध्ये. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत चालू केलं तर त्याच फाइलमधल्या वाक्यरचनेच्या चुकीला त्याचा उपयोग होत नाही, कारण फाइल मुळात चालतच नाही. सेमिकोलन राहिला असेल तर एरर बहुधा पुढच्या ओळीचा नंबर सांगते, तेव्हा एक ओळ वरही पाहा.

### नोडमध्ये एका वाचकाला दुसऱ्याचंच नाव दिसलं. हे कसं?

पीएचपीमध्ये प्रत्येक रिक्वेस्टला पाटी कोरी असते. नोडचा प्रोग्राम एकदा सुरू झाला की चालूच राहतो आणि सगळ्यांच्या रिक्वेस्ट तोच हाताळतो. फाइलच्या वरच्या पातळीवर 'सध्याचा सदस्य' असं व्हेरिएबल ठेवलं तर ते सगळ्यांचं एकच असतं. पहिल्या वाचकाची डेटाबेसची वाट पाहत असताना दुसरा येतो, व्हेरिएबलवर आपलं नाव लिहितो, आणि पहिल्याचं पान दुसऱ्याच्या नावाने छापलं जातं. एकट्याने तपासताना हे कधीच दिसत नाही. वाचकाशी संबंधित काहीही रिक्वेस्टच्या ऑब्जेक्टवर किंवा सेशनमध्ये ठेवा.

### दोघांनी एकाच क्षणी बटण दाबलं तर?

भेटींचा आकडा घ्या. पहिली स्क्रिप्ट ४१ वाचते, दुसरीही ४१ वाचते, दोघीही ४२ लिहितात. दोन भेटी, वाढला एक. वाचणं आणि लिहिणं वेगळं न ठेवता 'आकडा बरोबर आकडा अधिक एक' असं एकाच अपडेटमध्ये डेटाबेसला सांगा. 'हा ईमेल आधी नोंदलेला आहे का' असं विचारून मग घालण्यातही हीच फट आहे; कॉलमला 'युनिक' लावा आणि येणारी एरर पकडून वाचकाला नीट सांगा.

### फ्रेमवर्क कधी शिकायचं?

अभिप्राय वही आणि लॉगिन हाताने लिहून झाल्यावर. रोज तास-दीड तास दिला तर त्याला साधारण दोन-तीन महिने लागतात. मग लाराव्हेल हे पीएचपीचं फ्रेमवर्क उघडलंत की राउटर, मिडलवेअर, सीएसआरएफ टोकन ही नावं कोणत्या दुखण्यावरचं औषध आहेत ते लगेच कळतं.

### माझ्याकडे चालतं, होस्टिंगवर चालत नाही.

पहिला संशय फाइलच्या नावांवर घ्या. विंडोजला कॅपिटल आणि स्मॉल अक्षरं सारखीच वाटतात, लिनक्सला नाही. फोल्डर कॅपिटल अक्षराने आणि कोडमध्ये स्मॉल, एवढ्यावर तिथे सगळं अडतं. मग पीएचपीची आवृत्ती पाहा आणि लागणारी एक्स्टेन्शन तिथे चालू आहेत का ते पाहा. 'एमबीस्ट्रिंग' आणि 'पीडीओ'चा ड्रायव्हर हे नेहमीचे गैरहजर. डेटाबेसचं नाव आणि पासवर्ड तिथले वेगळे असतात. अपलोडचा फोल्डर लिहिण्याजोगा नसेल तर मालकी दुरुस्त करा. सगळ्याला ७७७ (कोणालाही लिहायची परवानगी) देऊन मोकळं होऊ नका. फोल्डरला ७५५ आणि फाइलला ६४४ बहुधा पुरतं.

'मेल' फंक्शनने 'ट्रू' दिलं तरी पत्र पोचलंच असं नाही, फक्त पुढच्या टप्प्याकडे सोपवलं गेलं. एसएमटीपीने (मेल सर्व्हरमार्फत) पाठवा आणि डोमेनवर एसपीएफ व डीकेआयएमच्या (पत्र खरंच तुमच्याकडचं आहे हे पटवणाऱ्या) नोंदी करा, नाहीतर पत्रं स्पॅममध्ये जातात.

लोकांसमोर जाण्याआधी 'डिस्प्ले_एरर्स' बंद, 'लॉग_एरर्स' चालू. पासवर्डची फाइल आणि एसक्यूलाइटची फाइल सार्वजनिक फोल्डरच्या बाहेर. सगळीकडे एचटीटीपीएस. आणि डेटाबेसचा बॅकअप घेऊन तो दुसऱ्या ठिकाणी एकदा खरोखर उघडून पाहा.